दोन जळकोट, अनेक झेवियर

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्गाचा किल्ला मागे पडला की आठेक किलोमीटरवर जळकोट लागते. गाव तुळजापूर तालुक्यातले, आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने निजामाच्या हद्दीत शिरले. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच त्याने तो हाती घेतला आणि नळदुर्गापाशी हैदराबाद इन्फन्ट्रीचा प्रतिकार मोडून काढला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटात होती आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात. लष्करी इतिहासात जळकोटाचे नाव येते ते एवढ्याच एका ओळीपुरते. पण ती ओळ वाचून कुणी नकाशावर लातूर जिल्ह्यातल्या जळकोटावर बोट ठेवले, तर सगळा हिशेब बिघडतो. तेही जळकोटच आणि तालुक्याचे ठिकाण असल्यामुळे जास्त ठळक छापलेले. पण ते उदगीरच्या बाजूला, या रस्त्यापासून कितीतरी दूर. नऊ वाजता तिथे रणगाडे पोचले असते तर ते उडतच गेले असते. गावे दोन, नाव एक. आता यांपैकी कुठल्याही गावातून एखादे घर पुण्याला, हैदराबादला किंवा मुंबईला गेले आणि तिथे जळकोटकर झाले, की दोन्ही घरांचे आडनाव अक्षरशः सारखे. खुद्द जळकोटात मात्र जळकोटकर म्हणून कुणी ओळखले जात नाही. तिथे सगळेच जळकोटचे, मग कुणाला वेगळे काय म्हणायचे? हे आडनाव वेशीबाहेर पडल्यावर, परक्याने ‘कुठले तुम्ही?’ असे विचारल्यावरच जन्माला येते.

आडनावाबद्दल आपल्या मनात जी पक्की समजूत असते तिला इथेच पहिला तडा जातो. समजूत अशी की आडनाव म्हणजे रक्त, सारखे आडनाव म्हणजे कधीतरी सारखा मूळपुरुष. पण आपल्याच भागातला पुरावा याच्या उलट आहे. तेरचे गोरोबा कुंभार होते, कारण ते कुंभारकाम करत. त्यांचे नाव त्यांच्या चाकाने ठेवले. पाटील आणि कुलकर्णी ही वतनाची नावे. वतन गावागणिक असल्यामुळे गाव तितके पाटील, आणि ते जातिधर्माच्या कुंपणात मावत नाहीत; मराठा, लिंगायत, मुसलमान, जैन असे सगळ्या प्रकारचे पाटील एकाच बसमध्ये शेजारी बसलेले असतात. ही गर्दी इतकी झाली की ओळख पटण्यासाठी पुन्हा गावाकडे वळावे लागले. शिवाजीराव पाटील ‘निलंगेकर’ झाले, शिवराज पाटील ‘चाकूरकर’ झाले. आडनावाने माणूस ओळखता येईना, म्हणून आडनावाला दुसरे आडनाव जोडावे लागले, ही गोष्ट मराठवाड्याने देशाला दोन ठळक उदाहरणांनी दाखवून दिली आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की आडनाव हा वंशाचा दाखला नसून एका नोंदीचा दाखला आहे: कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी माणसाचे नाव लिहून घेतले, त्या क्षणाचा. हे तपासायला घरचे आडनाव घेतले तर भावना आड येतात. म्हणून मी एक परके, पण महाराष्ट्र-गोव्यात पुरते मुरलेले नाव घेतो. ते म्हणजे झेवियर.

पिरेनीज पर्वताच्या दक्षिण पायथ्याला, नवार्रा नावाच्या छोट्या राज्यात, एक गढीवजा किल्ला होता. तिथली बोली बास्क. बास्क भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे. ‘एचेबेरी’ झिजत झिजत शावियेर झाले. म्हणजे झेवियर या भारदस्त नावाचा अर्थ नवे घर, नवघर. वसई स्टेशनच्या पश्चिमेला उतरणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको; नवघर-माणिकपूर हे नाव त्याने नगरपालिकेच्या पाट्यांवर वर्षानुवर्षे वाचले आहे. दूरदूरच्या दोन समाजांनी नव्याने उभ्या राहिलेल्या घराला ‘नवे घर’ म्हणावे यात योगायोग म्हणण्यासारखेही काही नाही, माणसे तसेच करतात. बास्क प्रदेशात हे नाव इतक्या ठिकाणी पडले की त्यातून एचेवेर्रिया हे आणखी एक आडनाव निघाले. मेक्सिकोचे एक राष्ट्राध्यक्ष आणि अर्जेंटिनाचा एक मोठा कवी ते लावत. झेवियर आणि एचेवेर्रिया हे शब्द म्हणून सख्खे भाऊ, पण ते लावणाऱ्यांचा एकमेकांशी संबंध आपल्या दोन जळकोटकरांइतकाच.

त्या गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिस जन्मला. त्याच्या वडिलांचे नाव हुआन दे हास्सो, बोलोन्यात कायदा शिकून आलेले, नवार्राच्या राजाचे सल्लागार. आई मारिया दे आस्पिल्कुएता. गढी तिच्या माहेराकडून आलेली. मोठा भाऊ मिगेल गढीचा धनी, दुसरा भाऊ हुआन आस्पिल्कुएता हे आईचे नाव लावणारा, आणि धाकटा फ्रान्सिस पॅरिसला शिकायला गेल्यावर दे शावियेर म्हणून ओळखला जाऊ लागला. एका आईची लेकरे, आणि आडनावांचा हा असा पसारा! त्या काळच्या स्पेनमध्ये यात कुणाला काही वावगे वाटत नसे. ज्याच्याकडून मालमत्ता आली, ज्याच्या नावाला वजन, ज्या गावाने ओळख पटते, त्याचे नाव लावायचे. आपल्याकडचा ‘मूळचे जोशी, पुढे इनाम मिळाले म्हणून इनामदार’ हा प्रकार याच जातीचा आहे. आडनावाने वंश कळतो म्हणणाऱ्याला फ्रान्सिसच्या घरातली ही तीन भावंडे वेगवेगळ्या कागदांवर भेटली असती तर त्याने त्यांना परकेच ठरवले असते.

या नावाला ‘स्पॅनिश’ म्हणतानाही जरा थबकायला हवे. १५१२ मध्ये कास्तिलच्या फौजांनी नवार्रा जिंकले. १५१६ मध्ये झेवियरांच्या गढीचे बुरूज आणि तट पाडण्याचा हुकूम झाला, फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचा. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत त्याचे भाऊ कास्तिलच्या विरुद्ध बाजूने होते आणि किल्ला राखणाऱ्या कास्तिलच्या फौजेत इग्नेशियस लोयोला होता. तिथेच तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. पुढे पॅरिसमध्ये हाच इग्नेशियस आणि हाच फ्रान्सिस एका खोलीत राहिले आणि त्यातून येशू संघ, म्हणजेच जेझुइट संघ, उभा राहिला. गढीच्या धन्याला कुणी ‘तुमचे नाव स्पॅनिश’ म्हटले असते तर त्याने तलवारीला हात घातला असता, निदान १५२१ साली तरी. राज्ये बदलली की नावांवरचे शिक्केही बदलतात, नावे मात्र आहेत तिथेच राहतात. धाराशिवच्या वाचकाला हे सांगायची गरज नाही; आपल्या गावाचे नाव निजामाच्या काळात उस्मानाबाद झाल्याचे त्याने ऐकले आहे आणि २०२३ मध्ये ते पुन्हा धाराशिव झालेले पाहिले आहे. जन्मदाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरे जिल्ह्याचे नाव असलेली माणसे तिथे घरोघर आहेत.

फ्रान्सिस ६ मे १५४२ रोजी गोव्याच्या बंदरात उतरला. त्याच जहाजातून नवा पोर्तुगीज गव्हर्नर मार्तिम आफोन्सो दे सोझा आला. एका होडीतून उतरलेल्या या दोन नावांची पुढची गत पाहण्यासारखी आहे. सोझा ही उत्तर पोर्तुगालमधली एक नदी. दे सोझा म्हणजे सोझाकाठचा, आपल्या भाषेत सोझाकर. हे नाव गोवा, वसई, मंगळूर पट्ट्यात इतके पसरले की आज ‘डिसोझा’ म्हणजे ख्रिस्ती माणूस हा समानार्थ हिंदी सिनेमाने पक्का करून टाकला. फ्रान्सिसचे नाव वेगळ्या वाटेने गेले. तो स्वतः फार काळ एका जागी राहिला नाही. कोरोमंडल आणि केरळचा किनारा, मलाक्का, मोलुक्कस बेटे, जपान. १५४८ मध्ये गव्हर्नर दों जुआंव दे कास्त्रोला भेटायला तो वसईलाही आला होता. चीनच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी तो गेला. १५५४ मध्ये त्याचा देह गोव्यात आणला गेला आणि तो आजही जुन्या गोव्यातल्या बॉम जेझसच्या बॅसिलिकेत आहे. गोवेकरांनी त्याला ‘गोंयचो सायब’ केले. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये त्याला संत म्हणून जाहीर केले गेले, त्याच दिवशी इग्नेशियस लोयोला, आविलाची तेरेसा, माद्रिदचा शेतकरी इसिद्रो आणि फिलिप नेरी यांनाही.

इथून पुढे झेवियर हे नुसते आडनाव राहिले नाही. संताच्या नावाने मुलांची नावे ठेवण्याची चाल होती, पण ‘फ्रान्सिस’ म्हटले की अस्सिसीचा फ्रान्सिस आठवणार. दोघांना वेगळे कसे करायचे? म्हणून ‘फ्रान्सिस झेवियर’ हे जोडनाव सुरू झाले आणि त्यातले नुसते ‘झेवियर’ हळूहळू स्वतंत्र पाळण्यातले नाव बनले. निलंगेकरांसारखीच ही गरज, फक्त निकाल उलटा: तिथे गावाचे नाव आडनाव झाले, इथे गावाचे नाव आडनाव होऊन शेवटी पाळण्यात गेले. संयुक्त राष्ट्रसंघाचे एके काळचे सरचिटणीस हाव्हिएर पेरेस दे कुएयार यांच्या नावात ते पहिले येते. ब्राझीलच्या स्वातंत्र्यासाठी १७९२ मध्ये फाशी गेलेल्या, तिरादेंतिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुआकिम जोझे दा सिल्वा शावियेर याच्या नावात ते शेवटी येते. बोलिव्हियातले सान हाव्हिएर हे १६९१ मधले जेझुइट मिशन, ॲरिझोनाच्या वाळवंटातले १६९२ मधले सान झेवियर देल बाक, रुबेन्सने रंगवलेले झेवियरच्या चमत्कारांचे भव्य चित्र, आणि १९६३ पासून अमेरिकन कॉमिक्समध्ये चाकाच्या खुर्चीत बसलेले प्रोफेसर झेवियर. आजच्या शाळकरी मुलाला विचाराल तर बहुधा हे शेवटचेच माहीत असतील. यांतल्या एकाचेही त्या गढीशी रक्ताचे नाते नाही.

‘पण रक्ताचे नाते असलेलेही असतील की!’ असा आक्षेप कुणी घेईल. होते. फ्रान्सिसची बहीण आना हिचा नातू हेरोनिमो १५४९ मध्ये नवार्रातच जन्मला. त्याचे खरे आडनाव एस्पेलेता. येशू संघात आल्यावर त्याने ते सोडून आजीच्या भावाचे नाव घेतले. म्हणजे रक्त होते तिथेही आडनाव रक्तातून वाहत आले नाही, ते निवडून घ्यावे लागले. हा जेरोम झेवियर हिंदुस्थानात आल्यावर वसईच्या जेझुइट कॉलेजचा रेक्टर होता. नवघरच्या नावाचा माणूस नवघरच्या शेजारी! पुढे १५९५ मध्ये तो लाहोरला अकबराच्या दरबारी गेला, फारसी शिकला आणि अब्दुस सत्तार या मुन्शीच्या मदतीने त्याने येशूचे चरित्र फारसीत उतरवले. ‘मिरात अल-कुद्स’ नावाचा हा ग्रंथ १६०२ मध्ये अकबराला सादर झाला. दुसऱ्या ख्रिस्ती ग्रंथकाराने हेच काम त्या सुमारास गोव्यात मराठीत हाती घेतले होते. तो थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, आणि त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. त्यावर पुढे येऊ.

नाव कुठल्या वाटेने आले हे त्याच्या उच्चारात उरते, आणि इतिहासकाराला आडनावाचा खरा उपयोग इथे होतो. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘शावियेर’ असा उच्चार होता, पोर्तुगीज अजून तसाच करतात. स्पेनमध्ये तो आवाज घशात गेला आणि १८१५ मध्ये स्पॅनिश अकादमीने लेखनही बदलले, म्हणून आजचे हाव्हिएर. मराठीत आपण यांपैकी काहीच म्हणत नाही, आपण म्हणतो झेवियर. हा ‘झ’ गोव्यातून आलेला नाही, तो मुंबईतून आला, इंग्रजी शाळा-कॉलेजांच्या पाट्यांवरून. १८६९ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज सुरू झाले ते जर्मन भाषक जेझुइटांनी चालवलेले, पाटी इंग्रजीत. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारला जर्मन पाद्री नकोसे झाले, आणि त्यानंतर मुंबईचे काम स्पॅनिश जेझुइटांकडे गेले. म्हणजे स्पॅनिश नावाच्या कॉलेजात स्पॅनिश माणसे यायला जवळजवळ अर्धशतक लागले. १९२२ मध्ये आलेले एन्रिके हेरास त्यांतले सर्वांत नावाजलेले. विजयनगरच्या आरविडू घराण्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला, सिंधू लिपीवर आयुष्य घालवले, १९२६ मध्ये कॉलेजात इतिहास संशोधन संस्था काढली. १९५५ मध्ये ते मुंबईतच वारले. ती संस्था आता हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. हेरास म्हणजे धान्याची खळी, आपल्याकडचे खळे. आणखी एक आडनाव माणसापासून सुटून इमारतीला चिकटले.

आता सर्वांत अवघड आक्षेप. झेवियर हे भक्तीने घेतलेले नाव, ठीक. पण गोव्यातल्या आणि वसईतल्या हजारो लोकांवर जी पोर्तुगीज आडनावे आली ती काही कौतुकाने आलेली नव्हती. बार्देश आणि सासष्टीतली देवळे पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले, १६८४ मध्ये कोकणी भाषा तीन वर्षांत सोडून द्यावी असा हुकूम निघाला. आणि गोव्यात इन्क्विझिशन आणावे अशी विनंती पोर्तुगालच्या राजाला १५४६ मध्येच पत्रातून करणारा माणूस होता खुद्द फ्रान्सिस झेवियर. हे लपवण्यासारखे नाही आणि या लेखात ते लपवायचेही नाही. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, उलट तो त्याचा सर्वांत कठोर पुरावा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून जो पोर्तुगीज उभा राहील त्याचे आडनाव त्या घराला मिळे. एका शिपायाच्या, एका कारकुनाच्या, एका पाद्र्याच्या नावाखाली अशी वेगवेगळी घरे जमा होत आणि त्यांचे आपसात काही नाते नसे. बाप्तिस्म्याच्या वहीतली ओळ ही कागद लिहिणाऱ्याच्या हाताची खूण आहे, कागदावर ज्याचे नाव आले त्याच्या नसांतल्या रक्ताची नव्हे. स्पॅनिशांनी फिलिपाइन्समध्ये याहून उघड प्रकार केला. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची वर्णानुक्रमे लावलेली जाडजूड यादी काढली आणि ती तुकड्या-तुकड्यांनी प्रांतांना वाटली, कारण लोकांना कायम आडनाव नसल्यामुळे कर आणि खानेसुमारीचा घोटाळा होई. परिणामी काही गावांत सगळ्यांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होऊ लागली, यादीचे पान त्या गावाला मिळाले म्हणून. तिथल्या गार्सिया आणि रेयेस मंडळींच्या पूर्वजांनी स्पेन कधी पाहिले नव्हते.

आणि नावे मुद्दाम लादली गेली तरी सगळीकडे लादली गेली नाहीत, हेही पाहायला हवे. बाबा पदमनजी १८५४ मध्ये बेळगावला ख्रिस्ती झाले आणि पदमनजीच राहिले. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि टिळकच राहिले. अहमदनगर, सोलापूर भागात अमेरिकन मराठी मिशनचे जे लोक झाले त्यांच्या घरांतही मराठी आडनावे टिकली. धर्म तोच, मग फरक कशाचा? वहीचा. पोर्तुगीज पाद्र्याच्या वहीत नाव बदलणे हा विधीचा भाग होता, अमेरिकन मिशनऱ्यांना ती गरज वाटली नाही. ‘ख्रिस्ती म्हणजे परके आडनाव’ हे समीकरण म्हणूनच कोकणपट्टीपुरते आहे, धर्माचे नाही.

जानेवारी २०२० मध्ये हे समीकरण थेट धाराशिवला तपासले गेले. त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले. नगरीला संत गोरोबाकाकांचे नाव, आणि अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवड जाहीर झाली तेव्हाच काही संघटनांनी विरोध केला. विरोधाला जी काही कारणे दिली गेली असतील ती असोत, त्याच्या मुळाशी एक गृहीत होते: हे नाव आपले नाही, म्हणून हा माणूस आपला नाही. आता हे नाव पाहू. ब्रितो हे उत्तर पोर्तुगालमधले गाव. दे ब्रितो म्हणजे ब्रितोकर. तमिळनाडूत ओरियूरला १६९३ मध्ये शिरच्छेद झालेला संत जॉन दे ब्रितो लिस्बनचा, लहानपणी आजारातून उठला म्हणून आईने नवस फेडला तो फ्रान्सिस झेवियरला. वसईजवळच्या नंदाखालच्या फ्रान्सिस दिब्रिटोंशी त्याचे नाते काय? दोघांच्या वहीतल्या ओळी सारख्या, एवढेच. नंदाखालच्या या माणसाने अनेक वर्षे ‘सुवार्ता’ मासिक चालवले, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून आंदोलन केले, आणि ‘सुबोध बायबल’ या मराठी अनुवादाबद्दल साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. वसईतल्याच सिसिलिया कार्व्हालो यांनी कविता मराठीत लिहिली, जोसेफ तुस्कानो यांनी विज्ञान मराठीत आणले, थॉमस डाबरे यांनी तुकारामांवर प्रबंध लिहिला. कार्व्हालो म्हणजे ओकाचे झाड, तुस्कानो म्हणजे इटलीतल्या तस्कनीचा. लांडगे हे आपले आडनाव पोर्तुगीजमध्ये लोबो होते आणि कुऱ्हाडे माशादो. परकेपणा अर्थामध्ये नाही, केवळ आवाजात आहे. आणि आवाजावरून माणूस ठरवायचा तर मराठीत पुराण रचणाऱ्या थॉमस स्टीफन्सचे काय करायचे? त्याच्याकडे ना मराठी नाव होते, ना मराठी रक्त. एवढेच नाही, वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली, पोर्तुगीज निघून गेले, मराठ्यांचे राज्य आले, आणि तरीही ही आडनावे राहिली. ज्या सत्तेने ती लिहिली ती गेल्यावरही लोकांनी ती ठेवली. तेव्हापासून ती लादलेली म्हणायची की लावलेली, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते अडीच शतकांहून जास्त काळ आपणहून जपलेले नाव हे जपणाऱ्याचे असते.

एक शंका अजून उरते, आणि ती अभ्यासकाची आहे. आडनाव इतके बेभरवशाचे असेल तर ते इतिहासाच्या काय कामाचे? काम आहे, पण वेगळे. जळकोटकर या नावावरून माणूस कुठल्या घराण्यातला ते कळत नाही, पण तो जळकोट सोडून गेला हे कळते. झेवियर या नावावरून नवार्रा कळत नाही, पण ते लिहिणारा शाळेत गेला की मठात हे कळू शकते. वंश शोधायचा तर दुसरे कागद लागतात, आणि ते कागद कुठे असतात हे दाखवायला एक झेवियरच पुरेसा आहे. गोव्याच्या गावांत पोर्तुगीज येण्याआधीपासून गांवकऱ्या होत्या; गावची जमीन गांवकऱ्यांची, उत्पन्नाचा हिस्सा गांवकऱ्यांत वाटला जाई, आणि गांवकर वांगडांत विभागलेले, वांगड म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांचे गट. गाव ख्रिस्ती झाले तरी गांवकरी मोडली नाही. लोकांना बाहेर फेर्नांदिस, परेरा, सोझा म्हणत, पण गांवकरीच्या हिशेबात माणूस त्याच्या वांगडावरून मोजला जाई, कारण तिथे पैशाचा प्रश्न होता आणि पैशाच्या प्रश्नात कुणी धर्मपित्याच्या आडनावावर विसंबत नाही. या तिसवाडी, सासष्टी आणि बार्देशातल्या गांवकऱ्यांचा सविस्तर इतिहास, त्यांचे नियम आणि गावोगावची माहिती १८५२ मध्ये ‘बोस्केझु इस्तोरिकु’ या पोर्तुगीज ग्रंथात छापली गेली. त्याशिवाय गोव्याच्या जुन्या समाजरचनेचा अभ्यास आजही सुरू होत नाही. लेखक गोवेकर, नाव फिलिप नेरी शावियेर. पहिले दोन शब्द १२ मार्च १६२२ ला रोममध्ये संत झालेल्या एकाचे, शेवटचा त्याच दिवशी संत झालेल्या दुसऱ्याचे. गोव्याचा त्या नावात एक शब्द नाही, आणि गोव्याच्या गावांचे सगळे वांगड त्याच्या पुस्तकात आहेत.